शनीच्या आकाशातला सनईवाला

२०१६ साल, आणि रामटेके सहासष्ट वर्षांचा. मी पंच्याहत्तरचा. म्हणजे पाळी माझी होती, आणि हा माणूस रांग मोडून पुढे गेला. आयुष्यात त्याने कधी रांग मोडली नव्हती. रेशनला, बसला, दवाखान्यात, सगळीकडे हा शेवटी उभा, कारण लोकांच्या डोक्यांवरून पलीकडची भिंत बघायला त्याला तिथून बरं पडायचं. त्याच्या मुलीचा, प्रज्ञाचा, दुपारी फोन आला. "काका, बाबा गेले." मी विचारलं, कुठे? खरंच विचारलं, कारण हा कायम कुठेतरी निघालेलाच असायचा. मग मला कळलं. जेवून आडवा झाला होता, चहाला उठवायला गेले तर उठला नाही.

वर्तमानपत्राच्या या पुरवणीत माझ्यासारख्याने लिहावं असा प्रकार नाही. मी चौथी नापास. पास झालो असतो तर पाचवी नापास झालो असतो, एवढाच फरक. पण रामटेकेवर कोणीतरी लिहून देतो म्हणाला तेव्हा मी सांगितलं, कोणीतरी नाही, मी. आणि माझं लिहिलेलं कोणी सुधारायचं नाही. ऱ्हस्वदीर्घ बघून घ्या हवं तर, वाक्याला हात लावायचा नाही.

सुधाकर रामटेके मूळचा भंडाऱ्याकडचा. नोकरीसाठी पुण्यात आला आणि राहिला. हडपसरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता, म्हणजे यंत्राचा एकेक भाग मापात कागदावर काढायचा. ही त्याची पगाराची चित्रं. बिनपगाराची वेगळी. त्यांत दोन दोन सूर्य असायचे, बर्फाचे ज्वालामुखी असायचे, डोंगरांएवढी यानं असायची आणि त्या यानांचे नटबोल्टसुद्धा जागच्या जागी असायचे, कारण हात कारखान्यातला होता. पुण्यात विज्ञानकथा वाचणाऱ्या वेड्यांचं एक मंडळ होतं, त्यांचं एक छोटं अनियतकालिक होतं, आणि त्याच्या मुखपृष्ठाचा चित्रकार हा. चित्रकलेच्या शाळेत गेला नाही, प्रदर्शन भरवलं नाही, कोणी विचारलं तर "हौस आहे जी" म्हणून मोकळा व्हायचा. पण हौशी माणसाला काही नको असतं असं कोणी समजू नये. रामटेकेला एक गोष्ट फार हवी होती. आपलं एक चित्र भिंतीएवढं व्हावं. माणसाने त्याच्यासमोर उभं राहून मान वर करावी आणि आपण पृथ्वीवर नाही असं क्षणभर त्याला वाटावं. एकोणीस वर्षं मी हे ऐकलं.

ब्याण्णव साली तो माझ्या दुकानात पहिल्यांदा आला. कसबा पेठेत माझं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान. माझा बाप तांब्याची भांडी ठोकायचा, मला त्या ठोकाठोकीचा कंटाळा, म्हणून घरात भांडून मी लग्नपत्रिका छापायला लागलो. तर हा काखेत गुंडाळी घेऊन दारात उभा. मी वर न बघता विचारलं, "लग्नाचं का मुंजीचं?"

"शनीचं," तो म्हणाला.

मला वाटलं, कुठल्या तरी देवळाच्या पावत्या आहेत. मी म्हटलं, सोमवारी मिळतील. त्याने गुंडाळी माझ्या टेबलावर पसरली. खाली भेगाळलेली जमीन, तिच्यावर एक उतरलेलं यान, डाव्या अंगाला शनीची कडी अशी तिरकी चढत गेलेली, आणि उजवीकडचं निम्मं आकाश नुसतं गडद निळं. तो सांगायला लागला, हा शनीचा चंद्र आहे, इथून शनी असा दिसेल, आणि सांगताना त्याचे हात असे हलत होते की जणू कालच तिथून आला आहे. मी आपला धंद्याचा माणूस. म्हटलं, "निम्मं आकाश रिकामं ठेवलंय तुम्ही. एखादी वेल टाका, कलश टाका."

"नाही भाऊ. रिकामं आहे म्हणून तर भेव वाटते."

"आणि भेव वाटून काय मिळतं?"

"मजा," तो म्हणाला आणि इतका आनंदाने हसला की मी काम घेतलं.

आता हे काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लाकडी चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणून बसवायचं. जिथे छापायचं तिथे जाळी मोकळी, बाकी बुजवलेली. वरून शाई ओतायची आणि रबराच्या पट्टीने ओढायची, खाली कागदावर चित्र उतरतं. काम झालं की जाळी धुवायची आणि तीच चौकट पुढच्या कामाला घ्यायची. त्याच आठवड्यात एका तालेवार घरच्या लग्नाच्या पत्रिका मी सोनेरी शाईत छापल्या होत्या. वर फेटा बांधलेला सनईवाला, गाल फुगवलेला. सोनेरी शाई हट्टी. जाळीत वाळली की कण अडकून बसतात आणि नंतर तिथून दुसरी शाई नीट उतरत नाही, जुन्या चित्राची सावली येते. म्हणून माझ्या दुकानाचा नियम होता, सोनेरी शाई रात्रभर जाळीत ठेवायची नाही आणि धुवायची ती पाणी स्वच्छ येईपर्यंत. तशी मी ती धुतली होती. तेव्हाही हेच सांगितलं, आज पंच्याहत्तराव्या वर्षीही हेच सांगतो. धुवायचं रसायन भेसळीचं निघालं.

छापून कागद दोरीवर वाळत घातले तोपर्यंत काही दिसलं नाही. निळा रंग सुकला आणि तो दिसायला लागला. उजवीकडच्या रिकाम्या आकाशात, शनीच्या कड्यांपासून थोडा लांब, फिकट निळा सनईवाला. एका कागदावर नाही, सगळ्या कागदांवर. मी भांडणाच्या तयारीत बसलो. गिऱ्हाईक ओरडायच्या आत आपण ओरडायचं, हा धंद्याचा शिरस्ता. रामटेके आला, दोरीखाली उभा राहिला, नाक कागदाला लागेल इतका जवळ गेला.

"भाऊ, हा कोण?"

"कोण कोण?"

"फेटा आहे याले."

"असेल."

तो स्टुलावर बसला. मला वाटलं, आता रडतो की काय. तर हा हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला आणि पुन्हा उठून कागदापाशी गेला. "पण भाऊ, एवढ्या लांब हा एकटा काहून गेला असंल? याची वरात कुठाय?" मी म्हटलं, पुन्हा छापून देतो, उद्या घेऊन जा. त्याने दोरीवरचे कागद भराभर काढून छातीशी धरले. "हात लावायचा नाही," मला म्हणाला. माझ्या दुकानात, माझ्या कागदाला, मला!

पुढच्या रविवारी तो मला ओढून मंडळात घेऊन गेला. एका शाळेचा वर्ग, आणि लहान मुलांच्या बाकांवर गुडघे आखडून बसलेली मोठी माणसं. बँकेतले, कॉलेजातले, एक दोघे दाढीवाले. फळ्यासमोर आपटेबाई. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, अंकाच्या संपादक. अंकातला मजकूर त्या स्वतः स्टेन्सिल कापून छापायच्या, मुखपृष्ठ तेवढं बाहेर. बाईंनी अंक हातात घेतला, चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला.

"रामटेके, शनीच्या चंद्रावर हा सनई वाजवतोय?"

"हो बाई."

"आवाज पोचायला हवा लागते. इतक्या वर, पोकळीत, ऐकू कोणाला येणार?"

"म्हणून तर कोणाले आला नाही आजवर," रामटेके म्हणाला.

वर्ग असा हसला की शिपाई डोकावून गेला. बाई हसल्या नाहीत. "बसा," म्हणाल्या. पण पुढच्या अंकाच्या वेळी त्यांनीच विचारलं, "तुमचे ते मंगलवाद्य कुठे बसवणार आहात या वेळी?" कारण वाचकांना तो सापडला होता आणि लोक विचारत होते, हा कोण, याची गोष्ट कुठल्या अंकात येणार. तेव्हापासून रिवाज पडला. प्रत्येक मुखपृष्ठावर सनईवाला कुठेतरी लपलेला असायचा. धूमकेतूच्या शेपटीत, बर्फाच्या कड्यात, एकदा तर एका आठ पायांच्या प्राण्याच्या सावलीत. अंक वाटला की सगळे शोधायला लागायचे, आणि ज्याला पहिल्यांदा सापडेल त्याचा चहा बाईंकडून. बाई चहा स्वतः ओतायच्या, ही मोठी गोष्ट होती, कारण त्या कोणालाही काही ओतून द्यायच्या नाहीत.

सनईवाल्यासाठी मी एक छोटी चौकट वेगळी केली. फिकट शाईत, हलक्या हाताने छापायचो. पण रामटेके म्हणायचा, "हे सगळे तुम्ही धाडलेले. पहिला आपल्या मनाने गेला होता." त्याच्यावरून आमचा वाद व्हायचा. मी म्हणायचो, माझ्या जाळीतून माझ्या परवानगीशिवाय काही जात नाही. तो म्हणायचा, "तेच तर भारी आहे ना, भाऊ."

शनिवारी संध्याकाळी तो कारखान्यातून थेट दुकानात यायचा. मी पट्टी ओढायचो आणि तो मला गोष्टी सांगायचा. मला वाचायला कष्ट पडतात, ऐकायला पडत नाहीत. कुठल्या तरी ग्रहावर माणसं गेली, तिथे दिवस महिनाभराचा, असं काही. मी मध्येच विचारायचो, "मग उपास कसे धरायचे?" दुसरा कोणी असता तर चिडला असता. हा थांबायचा, विचारात पडायचा, आणि पुढच्या शनिवारी दारातूनच सुरू, "भाऊ, तुमच्या उपासाचं मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, जे लोक तिथवर जातील त्यांना इथे काय खायला मिळत होतं ते आधी बघा." असं आमचं चालायचं. लग्नपत्रिका छापणारा मी, पण त्या दिवसांत मंगळावर पाणी कुठे असेल यावर माझं स्वतःचं मत होतं, आणि ते मी कोणालाही ऐकवायचो. आमच्या गल्लीत लोक मला बघून रस्ता बदलायचे.

मग कारखान्यात कॉम्प्युटर आले. जी चित्रं काढायला रामटेकेला आठवडा लागायचा ती पोरं दोन दिवसांत काढायला लागली, आणि पुसायची तर खोडरबरसुद्धा नको. मोठमोठे ड्रॉइंगचे फळे भिंतीला टेकवून ठेवले गेले, आणि त्यांच्यापाठोपाठ ते फळे वापरणारी माणसं. स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. तो मला सांगायला आला तेव्हा माझं डोकं फिरलं. "स्वेच्छा कोणाची?" मी विचारलं.

"कंपनीची."

आणि हसत होता. अहो, अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, घरात शाळकरी मुलगी, बायको शीलाताई सरकारी दवाखान्यात नर्स होती, म्हणून चूल चालू राहणार एवढंच. मी म्हटलं, रामटेके, तुला लाज नाही वाटत हसायला? तर म्हणतो, "भाऊ, आपण इतकी वर्षं काय छापलं? यंत्र येईल आन् माणसाचं काम करंल. आलं ना! माह्या डोळ्यांदेखत आलं. चित्र काढलं न् ते खरं झालं, असं कोणाच्या नशिबी येते?" मला त्याच्या बोलण्यात काही अर्थ दिसला नाही. आजही दिसत नाही. पण त्याने त्या दिवशी कंपनीकडून आपला फळा मागून घेतला, घरी जागा नव्हती म्हणून टेम्पोत घालून माझ्या दुकानात आणला, आणि दाराशी लावला. पुढची सगळी चित्रं त्याने तिथे बसून काढली, जाणाऱ्या येणाऱ्यांशी बोलत.

आणि कॉम्प्युटरच्या क्लासलाही गेला. वर्गात सगळी कॉलेजातली पोरं, त्यात हा पांढऱ्या मिशांचा. माउस त्याने असा धरला होता म्हणे की मास्तर म्हणाले, काका, तो पळत नाही, सोडा थोडा. पण शिकला. मी नाही शिकलो. माझ्या धंद्यालाही त्याच यंत्राने हात घातला होता, पत्रिका सगळ्या तिकडे छापायला लागल्या, रंगीत, गुळगुळीत, आणि मी ठरवलं की ज्याने माझं गिऱ्हाईक नेलं त्याच्याशी मी बोलणार नाही. रामटेके समजवायचा, "एकदा पाहा तर." मी म्हणायचो, "तू शनीवर जा. मी कसब्यातच बरा."

मंडळही पांगलं. आपटेबाई थकल्या, अंक इंटरनेटवर गेला, तिथे मुखपृष्ठ दुसरीच कोणी मुलं करायला लागली. चांगली करायची. रामटेके मला मोबाइलवर दाखवायचा आणि खुशीत यायचा, "ही सावली पाहा, भाऊ, कशी पाडली!" त्याला कोणाचा हेवा वाटल्याचं मी बघितलं नाही. भिंतीचं तेवढं मनातून जात नव्हतं. आम्ही चालत निघालो की हा मध्येच थांबायचा. नदीकाठची भिंत, एखाद्या गोदामाची पाठ, शाळेचं कुंपण. "पाहा, कशी उगाच पांढरी बसली आहे." दोन चार ठिकाणी त्याने विचारलंही. एका ठिकाणी म्हणाले, थोरांची चित्रं काढा. एका ठिकाणी म्हणाले, झाडे लावाचं काढा. शनीला कोणी जागा देईना.

शेवटी जागा मिळाली ती खराडीला. प्रज्ञा तोवर इंजिनिअर होऊन तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती. कँटीनची एक अख्खी भिंत मोकळी होती आणि कंपनीला तिथे काहीतरी वेगळं हवं होतं. तिने बापाची जुनी मुखपृष्ठं दाखवली. त्यांनी नेमकं पहिलंच निवडलं, शनीच्या चंद्राचं. रामटेके पंधरा वर्षांनी लहान झाल्यासारखा माझ्याकडे धावत आला. एकसष्ट वर्षांचा माणूस, पण माझ्या घराचा जिना चढताना दोन दोन पायऱ्या. "भाऊ, रंगाचं तुम्हीच सांगायचं त्यांना, चला." मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

तिथला साहेब म्हणजे प्रज्ञाच्याच वयाचा मुलगा. बोलायला गोड. "अंकल, कॉन्सेप्ट एकदम ऑसम आहे. बस्स हा वरती जो माणूस आहे ना, तो थोडा रँडम वाटतो. लोकांना वाटेल प्रिंटिंग मिस्टेक आहे. तो रिमूव्ह करू या का?"

मी रामटेकेकडे बघितलं. भिंतीकडे तो बघत होता. त्या भिंतीवर दुपारचं ऊन पडलं होतं आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी होती.

"काढू," तो म्हणाला.

मी उठलो. "चल रामटेके."

"भाऊ, बसा ना."

"चल म्हणतो ना. तो नसेल ठेवायचा तर चित्र कशाला ठेवता, चुना मारा." त्या साहेबाला मी आणखीही काही बोललो, ते इथे लिहीत नाही. रामटेके उठला नाही. मी एकटा बसने परत आलो. एवढ्या लांबून कसब्यापर्यंत उभा आलो, जागा मिळाली तरी बसलो नाही. लोक म्हणतील, एका फिकट चित्रासाठी एवढं काय? तर सांगतो. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नाच्या पत्रिका छापल्या. त्यांवर वधूवरांची नावं, आईबापांची नावं, आत्या मावश्यांची नावं. माझं नाव कुठे नाही. त्या सनईवाल्यावरही नव्हतं, पण तो माझ्या जाळीतून गेला होता.

पुढे काही आठवडे आमचं बोलणं बंद. तो भिंत रंगवत होता, फळा माझ्या दुकानात रिकामा होता. मग एका सकाळी प्रज्ञा गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी. "काका, आज पडदा उघडायचा आहे. चला."

"मला काम आहे."

"काय काम आहे?"

आता काम तर काही नव्हतं. मी म्हटलं, आहे.

"बाबांनी सांगितलंय, काका आल्याशिवाय पडदा उघडायचा नाही. तिकडे सगळे जेवायचे थांबलेत. एवढ्या लोकांना उपाशी ठेवायचं असेल तर राहा."

मी गेलो. पडदा उघडला. आणि खोटं कशाला बोलू, माझी मान वर गेली. शनीची कडी छताला जाऊन भिडली होती. खालची भेगाळलेली जमीन जेवणाच्या टेबलांपर्यंत आल्यासारखी वाटत होती. पोरं टाळ्या वाजवायची विसरली, मग एकदम वाजवल्या. रामटेके कोपऱ्यात उभा, हाताला अजून निळा रंग. लोकांच्या तोंडांकडे बघत होता. एकेकाच्या... भिंतीकडे त्याची पाठ होती. मी उजवीकडचं आकाश बघितलं. स्वच्छ निळं. रिकामं.

तो माझ्यापाशी आला. "कसं झालं, भाऊ?"

"छान आहे."

"जरा जवळ जाऊन पाहा."

"इथून दिसतंय."

"इथून नाही दिसत," तो म्हणाला आणि माझा दंड धरून मला पार भिंतीपाशी घेऊन गेला, उतरलेल्या यानासमोर. यानाला गोल खिडक्या होत्या, थाळ्यांएवढ्या. शेवटच्या खिडकीत पिवळा उजेड होता, आणि त्या उजेडात, अंगठ्याएवढा, फेटा बांधलेला, गाल फुगवलेला... मी चष्मा पुसला आणि परत बघितलं.

"आकाशात नको म्हणाले ना," रामटेके माझ्या कानाशी हळूच म्हणाला. "मंग आत बसवला. इतकी वर्षं बाहेर तरंगत होता बिचारा. थंडी वाजत असंल."

तो साहेब कॉफीचा कप घेऊन आमच्या शेजारीच उभा होता आणि शनीकडे बघत होता. मी विचारलं, "याला सापडला?"

"कोणालेच नाही. तुम्ही पहिले. चहा तुमचा."

त्या कँटीनमधला चहा मशिनचा होता आणि पाणचट होता. रामटेकेने तो स्वतः आणून माझ्या हातात दिला, आपटेबाई द्यायच्या तसा, दोन्ही हातांनी. मी त्याला म्हटलं, आधी का नाही सांगितलंस? तर म्हणतो, "सांगितलं असतं तर तुम्ही त्या साहेबालेही सांगितलं असतं." हे खरं होतं, म्हणून मी चहा प्यायला लागलो.

पुढची पाच वर्षं तो अधूनमधून खराडीला जाऊन यायचा. प्रज्ञाचा डबा पोचवायचं निमित्त. डबा ती घेऊन गेलेलीच असायची. तिथे कोणत्या पोराला खिडकीतला माणूस सापडला आणि कोणाला नाही, याचा वृत्तांत मला फळ्याशी बसून सांगायचा, आणि सांगताना हात तसेच हलायचे, ब्याण्णव सालच्यासारखे. गेला त्याच्या आदल्या शनिवारीही आला होता. नवीन चित्र मनात होतं. मला विचारत होता, "भाऊ, समुद्रच नसलेल्या ग्रहावर बंदर कशासाठी बांधलं असंल लोकांनी?" मी म्हटलं, मूर्ख असतील. "नाही," तो म्हणाला, "वाट पाहत असतील." फळ्यावर तीन रेघा मारून गेला.

त्याला पोचवून दुसऱ्या दिवशी आम्ही घरी परतलो तेव्हा दिवस मावळायचा होता. शीलाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. प्रज्ञाने जलदानविधीच्या, म्हणजे मागाहूनच्या श्रद्धांजलीच्या, कार्डाचं काढलं. म्हणाली, "काका, कार्ड तुम्हीच छापा. बाबांना दुसऱ्याचं चाललं नसतं." मी स्क्रीनचं काम बंद करून किती वर्षं झाली होती, पण हो म्हटलं. कार्ड निळं करायचं ठरलं, गडद निळं, वर पांढरी अक्षरं. मग मी घुटमळलो. विचारलं, "तो... सनईवाला टाकायचा का?" बोलल्यावर माझं मलाच वाटलं, अशा कार्डावर सनई, कोणी काय म्हणेल. प्रज्ञा आईकडे बघायला लागली.

शीलाताई म्हणाल्या, "छापू नका, भाऊ. मुद्दाम टाकला असं नको. आपल्या मनाने आला तर येऊ द्या."

तिथून मी घरी गेलो नाही. बुधवार पेठेतून सोनेरी शाईचा एक डबा घेतला आणि दुकान उघडलं. सनईवाल्याची छोटी चौकट भिंतीवर रामटेकेच्या फळ्याच्या वर टांगलेली होती. शाई तेवढी पुसायचो, पण जाळीतलं चित्र मी कधी धुवून काढलं नव्हतं. त्याचं मूळ चित्र कधीच उंदरांनी खाल्लेलं, म्हणजे छापण्याजोगा जो काय सनईवाला जगात उरला होता तो त्या जाळीत. ती धुतली की तो पुन्हा छापता यायचा नाही. कार्डाची निळी शाई याच जाळीतून ओढायची असं ठरवून मी चौकट खाली उतरवली. सोनेरी शाई ओतली, पट्टी ओढली, एक कागद छापला आणि फळ्यावर त्या तीन रेघांशेजारी टाचला. आणि जाळी न धुता, शाई तशीच आत ठेवून, दिवा मालवून घरी गेलो. माझ्या दुकानात असं कधी झालं नव्हतं, हे पुन्हा एकदा सांगून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळ पुरी उजाडायच्या आत मी चौकट रसायन लावून नळाखाली धरली. आधी सोनेरी पाणी आलं, मग पिवळं, मग गढूळ. फेट्याचा तुरा गेला, गालांच्या कडा गेल्या, बोटं गेली. मी ती दाराशी आणून उजेडासमोर धरली, त्याच्या फळ्यापाशी. आहे म्हटलं तर होता, नाही म्हटलं तर नव्हता. पुन्हा नळाखाली नेली, थोडी आणखी धुतली. पाणी अजून स्वच्छ आलं नव्हतं, आणि मी नळ बंद केला.